खेळाडू मुलांना स्वतःची काळजी घ्यायला शिकवताना: कोल्हापूरच्या पालकांसाठी मार्गदर्शक

मुलगा तालमीत जातो, मुलगी शूटिंग रेंजवर जाते किंवा धाकटा पेठेच्या संघातून फुटबॉल खेळतो. पहिली जिल्हास्तर स्पर्धा होते आणि घरात प्रश्न सुरू होतात. खुराक किती द्यायचा? गुडघा दुखतोय म्हणतो, मग सराव थांबवायचा का? वजन खालच्या गटात बसवायला सांगितलंय, ते करावं का? ज्यांच्या घरात याआधी कुणी स्पर्धेत उतरलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

वस्ताद किंवा सर मुलाला दिवसातले दोन-चार तास बघतात. झोप, जेवण, पाणी, दुखणं, मनातली धास्ती हे सगळं उरलेल्या वीस तासांत घडतं, आणि ते घराच्या हातात असतं. पण घरानं ते कायम स्वतःच्या हातात ठेवायचं नाही. सोळा-सतराव्या वर्षी मूल पुण्यातल्या बालेवाडीच्या शिबिराला किंवा दुसऱ्या राज्यातल्या स्पर्धेला एकटं जातं. तोवर आपल्या शरीराकडे बघायची आणि वेळेत तोंड उघडून सांगायची सवय त्याला लागलेली हवी. कोल्हापुरात ही सवय लावणं जरा अवघड आहे. दुखलं तरी बोलायचं नाही, यालाच इथं पैलवानकी समजतात. त्यामुळे खालच्या प्रत्येक पायरीत काय करायचं याबरोबरच त्यातलं मुलानं स्वतः काय करायचं, हेही सांगितलं आहे.

१. आधी कागद आणि सामान जमवा

एका फाईलमध्ये या गोष्टी ठेवा:

- जन्माचा दाखला आणि आधार कार्ड, प्रत्येकी चार-पाच प्रती. दोन्हींवरचं नाव आणि जन्मतारीख अक्षरशः जुळते का ते आजच बघा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, आणि कागद न जुळल्यानं ऐनवेळी प्रवेशिका अडकतात.
- शाळेचा बोनाफाईड दाखला आणि पासपोर्ट आकाराचे फोटो.
- लसीकरणाचं कार्ड. धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस १० व्या आणि १६ व्या वर्षी असते. मातीत खेळणाऱ्या, खरचटून घेणाऱ्या मुलाची ती चुकलेली नसावी.
- रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरचे दोन फोन नंबर लिहिलेला कागद. याची एक प्रत मुलाच्या बॅगेत राहू द्या.
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र.

हे प्रमाणपत्र नुसत्या सहीपुरतं घेऊ नका. पळताना-खेळताना कधी चक्कर येऊन पडला का, छातीत दुखतं का, धडधड होते का, हे डॉक्टरांना सांगा. घराण्यात कुणी पन्नाशीच्या आत अचानक हृदयविकारानं गेलं असेल तर तेही सांगा. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ईसीजी काढून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय सराव सुरू करू नका.

सामानात डिजिटल वजनकाटा, थर्मामीटर, एक लिटरची बाटली, ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज, बर्फाची पिशवी आणि एक दोनशे पानी वही लागेल. वही सगळ्यांत महत्त्वाची.

२. वही मुलाच्या हातात द्या

रोज सकाळी उठल्यावर मुलानं पाच गोष्टी लिहायच्या: किती तास झोपलो, नाडीचे ठोके किती, कुठं दुखतंय आणि शून्य ते दहात किती, लघवीचा रंग फिका की गडद, आज सरावाला जावंसं वाटतंय का. दोन मिनिटांचं काम आहे.

नाडी अंथरुणातच, उठून बसण्याआधी मोजायची. मनगटावर दोन बोटं ठेवून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. पंधरा दिवसांत त्याचा नेहमीचा आकडा कळतो. त्याहून आठ-दहा ठोके जास्त आणि तेही लागोपाठ दोन-तीन दिवस येत असतील, तर शरीर सावरलेलं नाही किंवा ताप-सर्दी येऊ घातली आहे. त्या दिवशी सराव हलका करायला सरांना सांगायचं.

पालकांनी आठवड्यातून एकदा, मुलाला जवळ बसवून वही वाचायची. चोरून वाचलीत, किंवा ‘जावंसं वाटत नाही’ या उत्तरावरून बोलणी दिलीत, की पुढच्या दिवसापासून वहीत सगळं छान छान लिहून येईल आणि तिचा उपयोग संपेल.

३. कोचचं काम कोचला करू द्या

शाहू स्टेडियमच्या कठड्यावरून ‘पास दे’, ‘मार’ असं ओरडणारे वडील मुलाला ऐकू येतात आणि तेवढ्या क्षणापुरता तो सरांचं ऐकायचं विसरतो. मैदानाबाहेर तुमची जागा पाणी, जेवण, गाडी आणि धीर एवढीच ठेवा.

सामना झाल्यावर निदान तासभर तरी चुका काढू नका. ‘कुठं लागलं का? भूक लागली का?’ एवढं पुरे. खेळाबद्दल त्याला बोलायचं असेल तेव्हा तो आपणहून बोलेल. सरांशी काही मतभेद असतील तर ते मुलासमोर काढू नका. वेळ मागून स्वतंत्र बोला.

४. झोप आणि सुट्टी

६ ते १२ वयाच्या मुलाला ९ ते १२ तास, १३ ते १८ वयाच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. तालमीत पहाटे पाचला उठायचं असेल तर रात्री नऊच्या आत, बारापर्यंतच्या मुलाचा आठच्या आत, दिवा बंद झाला पाहिजे. शाळा, क्लास आणि संध्याकाळचा सराव धरून हे जमत नसेल तर काहीतरी कमी करावंच लागेल. बहुतेक घरांत झोप कापली जाते, आणि तिथंच दुखापती वाढतात. दुपारी वीस-तीस मिनिटांची डुलकी चालते, पण ती रात्रीची भरपाई नव्हे. मोबाईल झोपण्याआधी तासभर दुसऱ्या खोलीत ठेवा. घरातल्या मोठ्यांचेही तिथंच ठेवलेत तर वाद होत नाही.

सरावाच्या तासांसाठी बालरोगतज्ज्ञ एक सोपा नियम सांगतात: आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. १२ वर्षांच्या मुलाला १२ तास. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातून एकंदर दोन-तीन महिने मुख्य खेळापासून दूर. हे महिने सलग नसले तरी चालतात, आणि त्या काळात पोहणं, सायकल, लगोरी काहीही खेळावं. बारा-तेरा वर्षांच्या आत एकाच खेळाला बांधून घेतलं की त्याच त्या सांध्यांवर त्याच प्रकारचा ताण येत राहतो.

५. खुराक

मोठ्या पैलवानाचा खुराक लहान मुलाला द्यायचा, ही इथली सगळ्यांत सामान्य चूक आहे. दोन लिटर दूध, पाव किलो तूप आणि वाटीभर बदाम पचवणारा माणूस दिवसाला पाच-सहा तास मेहनत करतो आणि शंभर किलोचा असतो. ३५ किलोच्या पोराला त्यातलं अर्धं दिलं तरी पोट जड होतं, भूक मरते आणि भाकरी-भाजी पानात राहते. मुलाला शक्ती मुख्यतः धान्यातून मिळते. तूप आणि बदाम त्याच्या जोडीला थोडे.

वाढत्या खेळाडूला प्रथिनं रोज दर किलो वजनामागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. म्हणजे ४० किलोच्या मुलाला ४८ ते ६४ ग्रॅम. ती कोल्हापुरी स्वयंपाकघरातून पावडरीच्या डब्याशिवाय निघतात:

- दोन अंडी: १२ ग्रॅम
- अर्धा लिटर दूध: १६ ते १८ ग्रॅम
- एक वाटी घट्ट आमटी किंवा उसळ: ७ ते ८ ग्रॅम
- मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे: ७ ग्रॅम
- ज्वारीच्या तीन भाकऱ्या: १२ ग्रॅमच्या आसपास

बेरीज ५४ च्या पुढं जाते. अंडी न खाणाऱ्या घरात ५० ग्रॅम पनीर आणि आणखी एक वाटी उसळ वाढवा.

किती खावं याइतकंच कधी खावं हेही महत्त्वाचं. पहाटेच्या सरावाला उपाशी पाठवू नका. निघण्याआधी अर्धा तास एक केळं किंवा दोन-तीन खजूर पुरतात. सराव संपल्यावर तासाभरात दूध-केळं, अंडी-चपाती किंवा शेंगदाणे-गूळ, आणि मग शाळेआधी नीट जेवण. शाळेच्या डब्याशिवाय एक छोटा डबा संध्याकाळच्या सरावाआधी खायला द्या. गुळपोळी, फुटाणे, थालीपीठ, काहीही चालेल.

स्पर्धेच्या दिवशी पोटभर जेवण लढतीच्या अडीच-तीन तास आधी: भात-वरण, चपाती-बटाटा, दही-भात. कट घातलेली मिसळ आणि तांबडा रस्सा त्या दिवशी नको. तेल-तिखटानं पोट उशिरा रिकामं होतं आणि जळजळ मैदानात जाणवते. जिंकल्यावर संध्याकाळी खुशाल खा. स्पर्धेच्या दिवशी नवीन काहीच देऊ नका, मग ते कितीही पौष्टिक असो.

दोन गोष्टी इथल्या सवयींविषयी. पहिली, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर समोर काढलेलं धारोष्ण दूध प्यायची जुनी रीत आहे, पण न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार येऊ शकतात. दूध तिथूनच घ्या, घरी आणून उकळा आणि मग द्या. दुसरी, पैलवानी थंडाईत खसखस असते. खसखशीत मॉर्फिनचा अंश असू शकतो आणि मॉर्फिन स्पर्धाकाळात बंदी असलेल्या पदार्थांत येतं. जिथं उत्तेजक (डोपिंग) चाचणी होऊ शकते अशा स्पर्धेच्या आधी आठवडाभर थंडाई खसखशीशिवाय वाटा.

मुलानं काय करायचं? दहाव्या वर्षापासून स्वतःची बाटली आणि डबा स्वतः भरायचा. चौदाव्या वर्षापर्यंत खिचडी, अंडी, चपाती आणि एक उसळ करता आली पाहिजे, मुलगा असो की मुलगी.

६. पाणी आणि ऊन

सरावाच्या दोन तास आधी दीड-दोन पेले पाणी. सराव चालू असताना दर १५-२० मिनिटांनी लहानांनी चार-पाच घोट, मोठ्यांनी त्याहून थोडं जास्त. तहान लागायची वाट बघायची नाही. सराव तासापेक्षा लांबला किंवा मार्च ते मेमधलं ऊन असलं तर साध्या पाण्याबरोबर ओआरएस ठेवा. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, पेल्यात थोडं थोडं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

घाम किती जातो ते एकदा मोजा. सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. ४० किलोच्या मुलाचं ८०० ग्रॅमपेक्षा जास्त उतरलं, म्हणजे २ टक्क्यांहून अधिक, तर तो कमी पाणी पितोय. जेवढं उतरलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत हळूहळू द्या.

उन्हात मूल बरळायला लागलं, अडखळायला लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं तर तो उष्माघात समजा. आधी सावलीत घेऊन अंगावर भरपूर पाणी ओता, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवा, आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

७. वजनगट

कुस्ती, जूडो, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंगच्या पालकांनी ही पायरी दोनदा वाचावी.

वाढत्या वयात वजन वाढणारच. वर्षाला सहा-सात सेंटिमीटर उंची वाढणाऱ्या मुलाला मागच्या वर्षीच्या गटात कोंबणं म्हणजे त्याची वाढ अडवणं. मुलाचं वजन वाढलं की गट वाढवा आणि तिथं हरायची तयारी ठेवा.

स्पर्धेच्या दोन-तीन दिवस आधी पाणी तोडणं, प्लास्टिकचा सूट किंवा दोन जॅकेटं घालून पळवणं, थुंकत राहणं, जुलाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या देणं यांतलं काहीही मुलाला करू देऊ नका. यात उतरतं ते पाणी. रक्ताचं प्रमाण घटतं, हृदयाला जास्त वेगानं धडधडावं लागतं, घाम थांबला की शरीराचं तापमान चढतं. १९९७ साली अमेरिकेत याच पद्धतींनी वजन उतरवताना पाच-सहा आठवड्यांच्या आत तीन महाविद्यालयीन पैलवान दगावले. त्यानंतर तिथले नियम बदलले. लघवीच्या गोळ्या तर उत्तेजकांच्या बंदी यादीतच आहेत, म्हणजे जीव वाचला तरी कारकीर्द जाते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमनं अंतिम लढतीला मुकली. सगळी तज्ज्ञ मंडळी हाताशी असताना प्रौढ खेळाडूचं हे होतं, तर शाळकरी पोराच्या बाबतीत असला खेळ करायचा कशाला?

खरोखर चरबी जास्त असेल आणि डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सोबत असतील तरच वजन उतरवा, आणि तेही आठवड्याला एकूण वजनाच्या १ ते १.५ टक्क्यांच्या आत. ५० किलोच्या मुलासाठी अर्धा ते पाऊण किलो. वजन आठवड्यातून एकदाच करा: सकाळी, शौचानंतर, उपाशीपोटी, त्याच काट्यावर. रोज काट्यावर उभं केलं की मुलाच्या डोक्यात दुसरं काही राहत नाही. जेवताना लपवाछपवी, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणं, आरशापुढं पोट दाबून बघणं अशी लक्षणं दिसली तर स्पर्धा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

८. कातडी, कान आणि लंगोट

आखाड्यात आणि मॅटवर अंगाला अंग लागतं, त्यामुळे गजकर्ण आणि पुळ्या पसरतात. पावसाळ्यात कोल्हापुरात लंगोट आणि मोजे दोन दिवस वाळत नाहीत आणि ओलेच घातले जातात. म्हणून लंगोट, बनियन, मोजे यांचे तीन-तीन जोड ठेवा, ओलसर असतील तर इस्त्री फिरवा. सराव संपल्या संपल्या साबणानं आंघोळ, बोटांच्या आणि जांघेच्या खाचा कोरड्या पुसणं, टॉवेल आणि रेझर कुणाला न देणं, नखं कापलेली ठेवणं. हे सगळं मुलानंच करायचं. रोज रात्री आरशासमोर मान, पाठ आणि जांघ बघायची सवय लावा.

गोल, कडेनं लाल, खाजणारा चट्टा दिसला तर मेडिकलमधून ‘खाजेचं मलम’ आणू नका. त्यातल्या अनेक मलमांत बुरशीनाशकाबरोबर स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरते आणि पुढं महिनोन्महिने जात नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, सांगतील तितके दिवस मलम लावा, चट्टा दिसेनासा झाला तरी मध्येच सोडू नका. उपचार सुरू झाल्यावर निदान तीन दिवस कुस्ती बंद ठेवा. पुळी पू भरलेली, मधासारखी खपली धरलेली असेल तर ती सुकेपर्यंत कुणाशी जोड नको.

कान मोडणं ही पैलवानाची खूण मानतात. खरं तर कानाच्या कूर्चेवर, म्हणजे मऊ हाडावर, रक्त साचून ती मरते आणि वेडीवाकडी भरून येते. घासून कान टम्म फुगला तर दोन-तीन दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ते रक्त काढून दाबपट्टी बांधतात आणि कान वाचतो. आठवडा गेला की फारसं हातात राहत नाही. घरी सुई टोचू नका. सरावात हेडगार्ड वापरायला वस्तादांशी बोलून परवानगी घ्या.

९. दुखापत

पहिल्यांदा मुलाला थकवा आणि दुखापत यातला फरक शिकवा. दोन्ही मांड्या सारख्या भरून आल्यात, हालचाल केली की मोकळं वाटतं, दोन-तीन दिवसांत जातं, ते मेहनतीचं दुखणं. एकाच बाजूला, एका बोटानं दाखवता येईल अशा जागी, सांध्यावर किंवा हाडावर दुखतंय, खेळताना वाढतंय, रात्री झोपमोड करतंय, लंगडायला लावतंय, ती दुखापत. लंगडणाऱ्या मुलानं सराव करायचा नाही, एवढा नियम तरी कायम पाळा.

मुरगळल्यावर खेळ थांबवा, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी, क्रेप बँडेज फार घट्ट नको, पाय उंच. पहिले दोन-तीन दिवस मालिश, गरम शेक आणि ‘ओढून बसवणं’ बंद.

यातलं शेवटचं नीट समजून घ्या. मुलांच्या लांब हाडांच्या टोकाला वाढीची पट्टी असते. ती कूर्चेची, म्हणून आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षाही (हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटपेक्षाही) कमजोर. मोठ्या माणसाचा पाय मुरगळतो तिथं मुलाची ही पट्टी सरकलेली असू शकते. हाडवैद्यानं अशा पायाला झटका दिला तर पट्टी कायमची दुखावते आणि हाड आखूड किंवा वाकडं वाढतं. सांध्याजवळ सूज आणि हाडावर दाबल्यावर दुखणं असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर आधी एक्स-रे. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या, अस्थिरोग विभागात जा.

गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर, किंवा टाचेच्या मागे, दहा ते पंधरा वयात दुखणं हे उंची झपाट्यानं वाढताना बऱ्याच मुलांना होतं. घाबरण्यासारखं नाही, पण उड्या आणि बैठका काही आठवडे कमी कराव्या लागतात. ‘नाटक करतोय’ म्हणून बैठका वाढवल्या तर महिना जायचा तिथं सहा महिने जातात.

डोक्याला मार लागला, मग बेशुद्ध पडो वा न पडो, आणि नंतर डोकं दुखलं, गरगरलं, स्कोअर आठवेना, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. ‘मी ठीक आहे’ हे मुलाचं बोलणं इथं धरायचं नाही. एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग हलकं पळणं, मग एकट्यानं सराव, मग संघाबरोबर. प्रत्येक टप्प्याला निदान एक दिवस, आणि त्रास परत आला तर एक टप्पा मागे. अंगाला अंग लागणारा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, फिट येणं, गुंगी, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं यांपैकी काही झालं तर लगेच रुग्णालय.

वेदनाशामक गोळी घेऊन खेळवू नका. गोळीनं दुखणं झाकलं जातं, जखम चालूच राहते.

१०. मुलींच्या बाबतीत

पाळीची तारीख त्याच वहीत लिहायला शिकवा. पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा सुरू झाल्यावर तीन महिने चुकली, तर ‘मेहनतीनं होतं असं’ म्हणून सोडू नका. बहुतेक वेळा मुलगी जेवढी शक्ती खर्च करते तेवढं खात नसते. याचा पुढचा परिणाम हाडांवर होतो, बारीक तडे जातात. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि जेवण वाढवा.

दर सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासा. १२ वर्षांवरच्या मुलीचं १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय आहे, आणि दम लागण्याचं कारण तेच असू शकतं. अळिवाचे लाडू, हिरव्या पालेभाज्या, बाजरी, कलेजी द्या, वरून लिंबू पिळा, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. लोहाच्या गोळ्या तपासणीनंतरच.

नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा, बॅगेत पॅड आणि एक जादा गडद ट्रॅकपँट कायम असू द्या. पाळीत खेळायचं की नाही हे तिनं ठरवावं. वडिलांशीही ती हे बोलू शकेल एवढं मोकळं वातावरण घरात असावं, कारण स्पर्धेला अनेकदा वडीलच सोबत असतात.

११. गोळ्या, पावडर, इंजेक्शन

मुलाच्या शरीरात जे सापडेल त्याला तोच जबाबदार, हा उत्तेजकविरोधी नियम आहे. कुणी दिलं, माहीत होतं की नव्हतं, यानं शिक्षा कमी होऊ शकते, निकाल मात्र जातोच. भारतात चाचणी राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्था, म्हणजे नाडा, करते. यादी दर वर्षी १ जानेवारीला नव्यानं लागू होते.

काय करायचं ते असं:

- कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर मुलानं स्वतः म्हणायचं, ‘मी स्पर्धेत खेळतो, बंदी असलेलं औषध देऊ नका.’
- चिठ्ठीवरचं प्रत्येक औषध नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर तपासा. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, स्टेरॉइडच्या गोळ्या स्पर्धाकाळात चालत नाहीत.
- दम्यासारख्या आजाराला बंदीतलं औषध घ्यावंच लागत असेल तर आधी अर्ज करून वैद्यकीय सूट घ्या आणि कागद फाईलमध्ये ठेवा.
- प्रथिनांची पावडर आणि ‘ताकदीचं’ चूर्ण टाळा. लेबलवर नसलेलं काही आत असू शकतं, चूर्ण आयुर्वेदिक म्हणून विकलं जात असलं तरी.
- अठराखालच्या मुलाची चाचणी होत असेल तर सोबत मोठं माणूस राहू शकतं. तसं आधीच सरांना सांगून ठेवा.

मेहनतीआधी टोचायचं एक इंजेक्शन काही ठिकाणी पोरांच्या हाती लागतं. ते मेफेंटरमाइन असतं, भूल देताना उतरलेला रक्तदाब चढवण्याचं औषध. त्यानं हृदयाचे ठोके बेताल होतात, त्याचं व्यसन लागतं, आणि ते बंदी यादीत आहे. बॅगेत बारीक बाटली किंवा सिरिंज सापडली, हातावर टोचल्याच्या खुणा दिसल्या, मूल रात्रभर जागं राहायला लागलं, तर मारहाण न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

१२. मन आणि सुरक्षितता

दोन आठवड्यांहून जास्त काळ चिडचिड, झोप उडणं, खेळाचं नाव काढलं की पोटात दुखणं, मित्र तोडणं असं दिसलं तर बोलतं करा. ‘सोडायचंय का?’ हा प्रश्न धमकी म्हणून विचारू नका. खरोखर उत्तर हवं म्हणून विचारा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तालीम किंवा अकादमी निवडताना हे बघा: पालकांना कधीही येऊन सराव बघता येतो का, मुलींच्या संघाबरोबर प्रवासात बाई असते का, मालिश आणि तपासणी उघड्यावर, दुसरं कुणी असताना होते का. मोठ्यांनी मुलाला रात्री एकट्याला मेसेज करायचे नाहीत, हे सुरुवातीलाच सांगा. अंगाला कुठं कुणी हात लावायचा नाही आणि तसं झालं तर सांगायचं, कितीही मोठा माणूस असला तरी, हे मुलग्यांनाही शिकवा. असं काही कळलं तर संस्थेच्या अब्रूचा विचार करत बसू नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे आणि तक्रार करणं बंधनकारक आहे. बालकांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२.

१३. वयानुसार काय सोपवायचं

आठ ते अकरा: बाटली भरणं, दहाव्या वर्षापासून डबाही, बॅग लावणं, आंघोळ, ‘इथं दुखतंय’ म्हणून बोट दाखवणं. बाकी सगळं तुम्ही.

बारा ते चौदा: वही, कपडे धुणं, साधा स्वयंपाक, सरांना स्वतः जाऊन ‘आज मला त्रास होतोय’ म्हणणं. हे पहिल्यांदा म्हणताना तुम्ही शेजारी उभे राहा, बोलायचं मात्र त्यानंच.

पंधरा ते अठरा: डॉक्टरांची वेळ घेणं, औषध ॲपवर तपासणं, आठवड्याचा सराव आणि अभ्यास बसवणं, दहावी-बारावीच्या वर्षी कोणत्या स्पर्धा सोडायच्या ते सुचवणं. तुम्ही वही बघायची आणि खर्च बघायचा.

आजूबाजूच्या तालुक्यांतून शहरातल्या तालमीत राहायला आलेल्या मुलांना मात्र बाराव्या वर्षीच पंधराव्याचं सगळं करावं लागतं, स्वयंपाकाची पाळी धरून. अशा मुलाकडे दर आठवड्याला जा, आणि जाताना फक्त तुपाचा डबा घेऊन जाऊ नका. अंथरूण कोरडं आहे का, लंगोट किती आहेत, पाणी कुठून येतं, रात्री किती वाजता दिवे बंद होतात ते बघा. वही मागा. मग त्याला तालमीबाहेर, कुणी ऐकत नसेल अशा जागी नेऊन जेवू घाला, आणि जेवताना तोच बोलेल एवढा वेळ हातात ठेवून जा.